काचेबाहेरचे आईवडील

सरकारी रुग्णालयातून बाळ घरी नेणाऱ्या आईला विचारलं, ‘‘इथली सेवा कशी वाटली?’’, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘‘चांगली होती. सगळ्यांनी खूप केलं.’’ फॉर्मवर सगळ्यात वरच्या रकान्यात खूण होते, खाली सही किंवा अंगठा उमटतो, आणि रिक्षा दारात ताटकळत असते म्हणून विषय तिथेच मिटतो. महिनाभराने माहेरच्या माणसांत तीच बाई बोलायला लागली की वेगळंच ऐकू येतं. बाळ आत आणि आपण बाहेर. नाकात नळी कशाला घातली ते कुणी सांगितलं नाही. सिस्टर दूध मागायला यायच्या, बाळ किती प्यायलं ते मात्र कळायचं नाही. आत कुणाचं तरी बाळ गेल्याचं कानावर आलं आणि आपलंच असेल म्हणून सासूने टाहो फोडला.

ती तेव्हाही खोटं बोललेली नसते आणि आताही नाही. डिस्चार्जच्या दिवशी बाळ जिवंत आहे आणि आपल्या हातात आहे, एवढ्यावरच तिचं मन भरलेलं असतं. बाळाला उद्या पुन्हा इथेच आणावं लागलं तर, ही धास्तीही असते. आणि मुळात अपेक्षाच कमी असते. समाधान म्हणजे अपेक्षा आणि अनुभव यांच्यातलं अंतर. अपेक्षाच जमिनीला टेकलेली असेल तर साध्या गोड शब्दानेही फॉर्म भरभरून निघतो. म्हणूनच ज्या वॉर्डात दोन बाळं एका वॉर्मरवर असतात तिथलेही समाधानाचे आकडे चकचकीत दिसू शकतात, आणि महागड्या खासगी रुग्णालयात एसी बंद पडल्यावरून गुण कापले जातात. शिवाय ज्यांचं बाळ घरी गेलंच नाही, त्यांच्या हातात फॉर्म देण्याचं धाडस सहसा कुणी करत नाही. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं ते आईवडील अशा मोजणीत धरलेच जात नाहीत.

हे लक्षात आल्यावर अभ्यासकांनी ‘समाधानी आहात का?’ हा एकच ढोबळ प्रश्न सोडून बारीक प्रश्न विचारायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक मार्गारेट माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये नवजात अतिदक्षता विभागातल्या पालकांचा ताण मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. यंत्रांचे आवाज आणि दिवे, बाळाचं दिसणं, आणि आईबाप म्हणून आपलं काम आपल्याला करता न येणं, असे तिचे मुख्य भाग. पुढे अनेक देशांत ती वापरली गेली आणि बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट वर आली. पिवळं पडलेलं, सुया टोचलेलं, मुठीएवढं बाळ पाहून आई हादरते, सतत वाजणाऱ्या मॉनिटरने वडील कावरेबावरे होतात. पण सर्वांत जास्त डाचतं ते बाळाला उचलता, पाजता, पुसता न येणं. आपलं मूल दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि आपण पाहुणे आहोत, ही भावना.

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या सोफिया बालरुग्णालयात योस लातूर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणखी एक प्रश्नावली तयार केली. ५७ विधानं, पाच गट: माहिती, उपचार, पालकांचा सहभाग, व्यवस्था आणि कर्मचाऱ्यांची वागणूक. उपचार हा पाचांतला फक्त एक गट आहे. डॉक्टरांना हे थोडं अन्यायाचं वाटू शकतं. रात्र रात्र जागून त्यांनी बाळाचा श्वास चालू ठेवलेला असतो आणि पालक गुण देताना पाहतात काय, तर रोज कुणी येऊन दोन शब्द बोललं की नाही. पण पालकांना व्हेंटिलेटरच्या सेटिंग्जमधलं काय कळणार? त्यांना जे कळतं त्यावरून ते न कळणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधतात. आपल्याशी नीट बोलणारा माणूस बाळाकडेही नीट पाहत असेल, हा त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

आईला बाहेर ठेवण्याची पद्धत पूर्वापार चालत आलेली नाही. ती जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे आणि तिची सुरुवात गमतीशीर आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसच्या मातृरुग्णालयात स्तेफान तार्निए यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऊबपेटी वापरायला सुरुवात केली. कोंबडीची अंडी उबवणारं यंत्र पाहून त्यांना ती सुचली होती. त्यांचे शिष्य पिएर बुदां यांना आईचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. बाळापासून दूर राहिलेल्या आया हळूहळू बाळाकडे पाठ फिरवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून पेटीला काचेच्या भिंती हव्यात, म्हणजे आईला बाळ दिसत राहील, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे आजही ‘बाळाला काचेत ठेवलंय’ असं म्हणतात. ती काच मुळात आईसाठी आली होती!

पुढे चक्र उलटं फिरलं. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने तर ऊबपेट्यांतली जिवंत बाळं जत्रेत मांडली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ पासून १९४३ पर्यंत लोक पंचवीस सेंटांचं तिकीट काढून ही बाळं बघायला रांगा लावत. त्या पैशावर परिचारिकांचे पगार निघत आणि आईबापांकडून कूनी छदामही घेत नसे. बाळंही वाचत. पण वाढलेलं बाळ न्यायला बोलावल्यावर काही आईबापांची मनधरणी करावी लागे, अशीही नोंद आहे. रुग्णालयांनी त्याच्याकडून ऊबपेटी उचलली आणि बघ्यांना बाहेर काढलं. जंतुसंसर्गाच्या भीतीने आईलाही बघ्यांतच धरलं गेलं. विसाव्या शतकाची मधली तीसचाळीस वर्षं जगभरच्या नवजात विभागांत आईची जागा काचेबाहेर होती. १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आयांना आत सोडून पाहिलं तेव्हा संसर्ग वाढल्याचं दिसलं नाही. तरी सवयी सुटायला फार काळ गेला. आपल्याकडे त्या अजून पुरत्या सुटलेल्या नाहीत.

पुढे दार उघडलं ते तत्त्वज्ञानाने कमी आणि टंचाईने जास्त, हा या सगळ्यातला सर्वांत बोलका भाग. कोलंबियात बोगोताच्या माता-बाल संस्थेत १९७८ मध्ये ऊबपेट्या पुरत नव्हत्या. एकेका पेटीत दोन-दोन बाळं, मग संसर्ग, मग मृत्यू, आणि टाकून दिलेली मुलं. एद्गार रेय यांनी स्थिर झालेल्या बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी एक्तोर मार्तिनेस त्यांना येऊन मिळाले. कांगारू मदर केअर ती हीच. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियाच्या टॅलिन शहरात आदिक लेविन यांच्याकडे परिचारिकांचा तुटवडा होता. त्यांनी आयांनाच चोवीस तास वॉर्डात ठेवलं. बाळाचं खाणंपिणं, स्वच्छता आईकडे. परिचारिका शिकवायला आणि औषधोपचाराला. सोव्हिएत रुग्णालयांत नातेवाइकांना दाराशीही उभं करत नसत, तिथे हे घडलं.

मुंबईतही टंचाईच होती. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात धारावीसारख्या वस्त्यांतून बाळं येत, डब्याच्या दुधाने त्यांना जुलाब होत आणि ती दगावत. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तिथे आईच्या दुधाची पेढी उभी केली. आशियातली ती पहिली. दुधाची पेढी म्हटलं की शीतकपाट आणि बाटल्या डोळ्यांपुढे येतात. पण आई जवळ असल्याशिवाय, तिला दूध काढायला शिकवल्याशिवाय आणि धीर दिल्याशिवाय पेढीत थेंब जमा होत नाही. ज्या बाईला दोन दिवसांपूर्वी ‘तुमचं काही काम नाही, बाहेर बसा’ असं सांगितलं जात होतं, तिच्या दुधावाचून आता विभागाचं पान हलेना.

दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयाची हकिगत याच पंक्तीतली. बाळं जास्त आणि सिस्टर कमी, हे तिथलं रोजचं गणित होतं. नवजात विभागाच्या प्रमुख डॉ. आरती मारिया यांनी आईला, वडिलांना किंवा घरातल्या दुसऱ्या एका माणसाला शिकवून आत घ्यायचं ठरवलं. शिकवायचं म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे.

पहिला धडा हात धुण्याचा. चपला बाहेर, गाऊन अंगावर, नखं कापलेली, घड्याळ-अंगठ्या काढलेल्या, हात कोपरापर्यंत. आपल्याकडे इथेच पहिली अडचण उभी राहते, ती हिरव्या बांगड्यांची. डोहाळजेवणात भरलेला चुडा बाळंतिणीने उतरवायचा म्हटलं की बरोबरच्या थोरल्या बायकांच्या कपाळाला आठी पडते. समजूतदार सिस्टर तिथे वाद घालत नाही. ‘बाळाला जंतू लागू नयेत म्हणून’ एवढंच सांगते, आणि घरी गेल्यावर पुन्हा भरा म्हणते. दुसरा धडा बाळाला कसं धरायचं, लंगोट कसा बदलायचा, दूध हाताने कसं काढायचं, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने किती सावकाश पाजायचं. मग कांगारू पद्धत: बाळाच्या अंगावर टोपी, लंगोट आणि मोजे, बाकी काही नाही, आईच्या छातीच्या मधोमध ते उभं ठेवायचं, मान किंचित वर, तोंड एका कुशीला, पाय बाहेरच्या बाजूला मुडपलेले, आणि वरून कापडी पट्टा. किमान तासभर तरी तसंच. शेवटचा धडा घरी नेण्याच्या तयारीचा: बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार लागलं, श्वास भराभर चालला, छाती खोल ओढली जाऊ लागली तर काय करायचं.

या पद्धतीची शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि ती २०१७ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये छापून आली. २९५ बाळं, दोन गट. घरची माणसं आत आल्याने रुग्णालयातला जंतुसंसर्ग वाढला नाही. घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं मात्र ८०.४ टक्के होती. नेहमीच्या पद्धतीच्या गटात ६६.७ टक्के. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘कुटुंबाच्या सहभागातून नवजात काळजी’च्या मार्गदर्शक सूचना देशभरातल्या विशेष नवजात काळजी कक्षांसाठी काढल्या. ‘एसएनसीयू’ म्हणून ओळखले जाणारे हे जिल्ह्याजिल्ह्यांतले कक्ष पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात २००३ मध्ये सुरू झालेल्या कक्षाच्या धर्तीवर उभे राहिले आहेत.

टोरँटोच्या माउंट सायनाय रुग्णालयाने टॅलिनचा धडा गिरवला आणि पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ विभागांत त्याची चाचणी घेतली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: बाळांचं वजन जास्त वाढलं, आईवडिलांची चिंता आणि ताण कमी झाला. स्टॉकहोमच्या एका अभ्यासात पालकांना चोवीस तास बाळाजवळ राहण्याची सोय दिली तेव्हा बाळं सरासरी ५.३ दिवस आधी घरी गेली. ज्यांना हे सगळं ‘भावनिक’ वाटतं त्यांच्यापुढे ठेवण्यासारखा आकडा मात्र पाच देशांतल्या एका चाचणीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारतात ती घेतली. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळं. एका गटात बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली, आणि त्यासाठी आईची खाट थेट अतिदक्षता विभागात आणली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की दुसऱ्या गटाला वंचित ठेवणं योग्य नाही म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी बदलल्या.

आईची खाट आत आणणं ऐकायला सोपं. प्रत्यक्षात त्यात रुग्णालयाच्या कारभाराची सगळी गणितं मोडतात. बाळ बालरोग विभागाचं आणि आई स्त्रीरोग विभागाची. तिचे टाके कोण पाहणार, रक्तदाब कोण मोजणार, तिचं जेवण कोणत्या मजल्यावर यायचं, तिच्यासाठी संडास-बाथरूम कुठे? सफदरजंगमध्ये प्रसूतितज्ज्ञ आईला तपासायला नवजात विभागात येऊ लागले, म्हणून ते जमलं.

जिथे हे प्रश्न न सोडवता नुसता ‘सहभाग’ आणला जातो तिथे त्याचं रूपांतर फुकटच्या राबणुकीत व्हायला वेळ लागत नाही. सिझेरियनच्या तिसऱ्या दिवशी बाई दर दोन तासांनी जिना चढून दूध पाजायला येते, मधल्या वेळात व्हरांड्यात बसते, कपडे धुते, आणि कागदावर ती ‘प्रशिक्षित पालक’ असते. परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरण्याऐवजी आयांना कामाला लावणं हा सहभाग नव्हे, हे कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं. लेविन यांच्या टॅलिनमध्ये आईला वॉर्डातच खाट होती, हे विसरून चालत नाही.

दुसरा पेच बाहेरून आलेल्या बाळांचा. बाळंतपण तालुक्याला झालं, बाळ रडलं नाही म्हणून रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला पाठवलं. आई टाके पडल्यामुळे तिकडेच. बाळाबरोबर येतात वडील आणि आजी. कुणाशी बोलायचं, कुणाला शिकवायचं, चीक कुठून आणायचा? अशा वेळी आजीला किंवा वडिलांना कांगारू पद्धत शिकवता येते. मिशा असलेल्या गड्याच्या छातीवर बाळ बांधलेलं पाहून वॉर्डातल्या मावश्या आधी हसतात. मग तोच गडी दुसऱ्या बाळाच्या बापाला पट्टा कसा बांधायचा ते दाखवत असतो. पण रोजंदारी बुडवून तो किती दिवस थांबणार? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि वाहतूक मोफत केली. बुडालेली मजुरी, बाहेरचं जेवण आणि ‘मुलगा झाला, खुशी द्या’ म्हणून मागितलेले पैसे यांची पावती मात्र कुठेच नसते. समाधानाच्या फॉर्मवर या खर्चाचा रकाना क्वचितच असतो.

विश्वासाचं काय? ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळं होती. १० गेली, सातांना वाचवता आलं. अशा घटनेनंतर राज्यभरातल्या आईबापांनी ‘रात्री आत कोण असतं?’ असं विचारलं तर त्याला उद्धटपणा म्हणता येणार नाही. सेवेच्या दर्जाबद्दलचा तो सर्वांत मूलभूत प्रश्न आहे.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं: रुग्णालयातून गेल्यावर मोबाइलवर संदेश किंवा कॉल येतो आणि मत विचारलं जातं. वॉर्डातल्या सिस्टरसमोर फॉर्म भरण्यापेक्षा हे निश्चित बरं, कारण उत्तर देणारा माणूस घरी असतो. गंमत अशी, की दाखल करताना जो नंबर दिला त्यावरच कॉल जातो, आणि तो बाळाच्या आईचा असेलच असं नाही. दिवसभर बाळाजवळ बसलेल्या बाईऐवजी दिवसातून एकदा डबा घेऊन येणारा मामा ‘समाधानी’ दाबून मोकळा होतो.

काय विचारावं, हे आता बऱ्यापैकी कळलेलं आहे. ‘समाधानी आहात का?’ याऐवजी घडलेलं विचारायचं. बाळाला पहिल्यांदा हात कधी लावला? आजार काय आहे ते कुणी सांगितलं, आणि तुम्हाला कळेल असं सांगितलं का? काल बाळाचं वजन किती होतं? रात्री बाळाजवळ जाता आलं का? कुणी ओरडलं का? कुणी पैसे मागितले का? अशा प्रश्नांना कृतज्ञतेने उत्तर देता येत नाही. हो, नाही, किंवा आकडा सांगावा लागतो.

यांतला माहितीचा प्रश्न किती जिवावरचा असू शकतो हे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांवरून दिसतं. गरोदरपणाचे ३४ आठवडे भरण्यापूर्वी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा बिघडण्याचा धोका असतो. भारतातल्या प्रचलित नियमाप्रमाणे जन्मापासून चार आठवड्यांच्या आत पहिली तपासणी व्हायला हवी. फारच लहान बाळांची त्याहूनही आधी. वेळेत सापडलं तर लेझरने दृष्टी वाचवता येते. चार आठवडे होईपर्यंत बरीच बाळं घरी पोचलेली असतात, डोळे वरवर टपोरे आणि छान दिसतात, आणि सव्वा महिना व्हायच्या आत बाळाला घराबाहेर काढायचं नाही, असं घरातली मोठी माणसं सांगत असतात. डिस्चार्ज कार्डावर या आजाराच्या नावाची इंग्रजीत तीन अक्षरं आणि तपासणीची एक तारीख लिहिलेली असते. ती तारीख आईला तोंडी, तिच्या भाषेत, सासूसमोर सांगितली गेली की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. नंतर घरी येणाऱ्या आशाताईंच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात, आणि घरी जाऊन बाळ तपासण्याच्या या पद्धतीची पायाभरणी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केली होती. मात्र रुग्णालयाने कार्डावर काय लिहिलंय ते आशाताईंपर्यंत पोचलेलं असेल, तरच त्यांना विसाव्या-पंचविसाव्या दिवसापर्यंत विचारता येतं, की डोळे दाखवून आणले का.